घोड्यांच्या पागेतून सर्कस उभी करणारा आणि त्याच सर्कशीच्या जोरावर एक गवई वाचवणारा माणूस : विष्णुपंत छत्रे

इंदापूर असो, इस्लामपूर असो नाहीतर इचलकरंजी. तालुक्याच्या गावात सर्कस आली की मोकळ्या मैदानावर तंबू उभा राहायचा, रिक्षाला कर्णा बांधून गावभर पुकारा व्हायचा आणि रात्री आकाशात प्रकाशाचा झोत फिरायला लागायचा. तो झोत दिसला की घरोघरची पोरं आईबापाच्या मागे लागायची. ही आठवण महाराष्ट्रातल्या एका आख्ख्या पिढीची आहे.

आता सर्कस म्हटलं की लोक केरळचं नाव घेतात. थलसेरी हे तिथलं गाव भारतीय सर्कसचा पाळणा म्हणून ओळखलं जातं. ते खरंच आहे. पण तो पाळणा हलवायला सुरुवात करणारा हात मराठी होता. सांगलीकडच्या कृष्णाकाठचा होता.

त्या माणसाचं नाव विष्णुपंत मोरेश्वर छत्रे.

भारतीय सर्कसचे जनक ही त्यांची ओळख स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत सापडते. पण या माणसाचं आयुष्य त्या एका ओळीत मावणारं नाही. कारण हा गडी घोडे फिरवायला शिकला तसाच ख्याल गायलाही शिकला. त्याने वाघ-घोड्यांचा तांडा घेऊन देश पालथा घातला आणि त्याच तांड्यात हिंदुस्तानी संगीतातला एक थोर गायक जपून ठेवला. सर्कशीचा मालक आणि गवयाचा पालक अशी दुहेरी नोंद असलेला दुसरा माणूस शोधून सापडायचा नाही.

तर ही गोष्ट सुरू होते १८४० साली, अंकलखोपला.

लढाया संपल्या, घोडेस्वार उरले

अंकलखोप हे आजच्या सांगली जिल्ह्यातलं कृष्णेच्या काठचं गाव. शेजारीच औदुंबरचं दत्तस्थान. या गावात विष्णुपंतांचा जन्म झाला. पाटी-पुस्तकापेक्षा जनावरांत रमणारा मुलगा, अशी त्यांच्या लहानपणाची ख्याती सांगतात.

ते ज्या काळात आणि ज्या मुलखात वाढले तो काळ समजून घेतला तर पुढचं सगळं कळतं.

१८१८ साली पेशवाई बुडाली. सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थानं इंग्रजांच्या छत्रछायेखाली शिल्लक राहिली. दरबार होते, वाडे होते, हत्ती-घोडे होते, पण लढाया नव्हत्या. ज्या घोडदळाच्या जोरावर मराठे अटकेपर्यंत गेले, त्या घोडदळाला आता काम उरलं नव्हतं. घोडे उरले ते मिरवणुकीसाठी, शिकारीसाठी आणि राजेसाहेबांच्या हौसेसाठी.

काम संपलं तरी विद्या लगेच मरत नाही. घोडा कसा पारखायचा, कसा फेरायचा, दुडकी चालीवरून चौखूर कसा उधळायचा आणि एका इशाऱ्यावर जागच्या जागी कसा थांबवायचा, हे जाणणारे चाबुकस्वार संस्थानांच्या पागेत अजून होते. त्यांना प्रश्न पडला होता तो एवढाच, की या विद्येचं आता करायचं काय?

दुसरीकडे याच मुलखात करमणुकीची नवी तऱ्हा जन्माला येत होती. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी राजाश्रयाने सीतास्वयंवर रंगभूमीवर आणलं. पुढे नाटक मंडळ्या गावोगाव फिरायला लागल्या. लोक तिकीट काढून खेळ बघायला बसू लागले.

एका बाजूला बेकार झालेली घोडेस्वारी आणि दुसऱ्या बाजूला तिकीट काढायला तयार झालेला प्रेक्षक. या दोन गोष्टींची गाठ घालून देणारा माणूस तेवढा यायचा बाकी होता.

ग्वाल्हेरला जाऊन दोन विद्या आणल्या

तरुणपणी विष्णुपंत ग्वाल्हेरला पोचले. त्या काळी काही शिकायचं असेल तर शिंद्यांचं ग्वाल्हेर हे मोठं ठिकाण होतं. मराठी दरबार होता, मराठी माणसांचा राबता होता आणि पैसाही होता.

तिथे बाबासाहेब आपटे नावाचे अश्वविद्येतले जाणकार होते. विष्णुपंतांनी त्यांच्याकडे घोड्याची विद्या घेतली. घोडा नुसता चालवणं वेगळं आणि त्याला शिकवणं वेगळं. घोडा हे मुळात बुजणारं जनावर. पान हललं तरी ते दचकतं. अशा जनावराकडून गर्दीत, गोंगाटात, मशालीच्या उजेडात ठरलेली हालचाल करून घ्यायची तर हातात चाबूक असून भागत नाही. महिनोन् महिने त्याच वेळी, त्याच आवाजात, तोच इशारा द्यावा लागतो. ही चिकाटीची विद्या आहे.

गंमत म्हणजे विष्णुपंतांनी ग्वाल्हेरात जी दुसरी विद्या घेतली तीही अशीच चिकाटीची होती. तिचं नाव ख्यालगायकी.

ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू खाँ आणि हस्सू खाँ ही त्या काळातली फार मोठी नावं. आज आपण जो ख्याल ऐकतो त्याची घडण ज्या मोजक्या लोकांनी केली त्यात हे दोघे भाऊ येतात. विष्णुपंतांनी हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकायला घेतलं. पागेत घोडा फेरायचा आणि उस्तादांपुढे बसून तान घोटायची, असा हा दुहेरी अभ्यास.

त्या काळी गाण्यासाठी उत्तरेला गेलेले मराठी तरुण आणखीही होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी असेच हाल सोसून ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि पुढची मराठी गवयांची पिढी घडवली. विष्णुपंतही गायक म्हणूनच नाव काढणार असं वाटायला हरकत नव्हती. पण पोटापाण्यासाठी कामी आली ती घोड्याची विद्या.

कुरुंदवाड संस्थानात त्यांना जागा मिळाली. कृष्णा-पंचगंगेच्या संगमापासून, नरसोबाच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावरचं हे छोटंसं संस्थान. तिथल्या पटवर्धन राजांच्या पागेची जबाबदारी विष्णुपंतांकडे आली. आयुष्य असंच राजाचे घोडे सांभाळण्यात गेलं असतं. पण मुंबईत एक परदेशी तंबू लागला.

मुंबईचा तंबू आणि ती प्रसिद्ध पैज

साल होतं १८७९. जूझेप्पे कियारिनी हा इटालियन घोडेस्वार आपली रॉयल इटालियन सर्कस घेऊन जगभर फिरत होता. अमेरिका, मेक्सिको, क्यूबा असा प्रवास करून आलेला हा माणूस. त्याचा मुक्काम मुंबईत पडला आणि मुंबईकरांनी तंबूकडे धाव घेतली.

कुरुंदवाडचे राजेसाहेब आणि विष्णुपंतही हा खेळ बघायला गेले. पुढची गोष्ट अशी सांगतात, की भारताला स्वतःची सर्कस उभी करायला अजून बराच काळ लागेल असं त्या मालकाने बोलून दाखवलं. एवढंच नाही तर सहा महिन्यांच्या आत आपल्यासारख्या कसरती करून दाखवणाऱ्याला एक हजार रुपये आणि एक घोडा द्यायची पैजही लावली. राजेसाहेबांना ते झोंबलं. त्यांनी पैज उचलली आणि जबाबदारी टाकली ती आपल्या पागेच्या प्रमुखावर.

गोष्ट झकास आहे. ती इतक्या वेळा सांगितली गेलीय की तिला पोवाड्याची चाल लागलीय. पण खरा प्रश्न वेगळाच आहे. सहा महिन्यांत सर्कस उभी राहू शकते का?

याचं उत्तर हो असं आहे. कारण मुळात सर्कस म्हणजे काय, तर घोड्यांचा खेळ.

आपल्याला सर्कस म्हणजे झोके, विदूषक आणि वाघ-सिंह असं वाटतं. पण आधुनिक सर्कस जन्माला घातली ती लंडनच्या फिलिप ॲस्टली नावाच्या निवृत्त घोडेस्वार शिपायाने, १७६८ साली. युद्ध संपलं, फौजेतून बाहेर पडला, हातात विद्या होती ती फक्त घोड्याची. मग त्याने मोकळ्या मैदानात रिंगण आखलं आणि पळत्या घोड्यावर उभं राहून कसरती दाखवायला सुरुवात केली. दोन घोड्यांच्या खेळांच्या मधल्या वेळात लोक उठून जाऊ नयेत म्हणून त्याने विदूषक आणि डोरीवरून चालणारे कसरतपटू आणले. सर्कसचं बाकीचं सामान असं मागाहून आलं.

सर्कसचं रिंगण गोल का असतं, याचं उत्तरही घोड्यातच आहे. घोडा सरळ पळाला तर पाठीवर उभं राहणं फार अवघड. पण तो गोल पळायला लागला की आतल्या बाजूला कलतो, स्वारही आत कलतो आणि वेगामुळे बाहेर फेकणाऱ्या ओढीशी त्याचा तोल साधतो. रिंगण फार लहान केलं तर घोड्याला नीट धावता येत नाही, फार मोठं केलं तर हा आधार मिळत नाही. अनुभवाने जे माप ठरलं ते ४२ फूट व्यासाचं, म्हणजे साधारण १३ मीटर. जगभरच्या सर्कशीत हे माप आजही चालतं.

आता ॲस्टली आणि छत्रे शेजारी ठेवून बघा. दोघेही घोडेस्वार, दोघांच्याही मागे संपलेल्या लढाया आणि दोघांच्याही हातात लढाईबाहेर निरुपयोगी ठरू लागलेली विद्या. शंभरेक वर्षांच्या अंतराने आणि दोन वेगळ्या खंडांत सर्कस उभी राहिली ती एकाच कारणाने. विष्णुपंतांना मुंबईच्या तंबूत नवल वाटलं असेल ते मांडणीचं, तिकिटाचं, बँडचं आणि शिस्तीचं. घोडा कसा नाचवायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

बाकीची कलाही आपल्या मातीत होतीच. मल्लखांब होता, दांडपट्टा होता. दोरीवर चालणारे डोंबारी आणि उड्या मारणारे कोल्हाटी गावच्या चौकात पिढ्यान् पिढ्या खेळ करत होते. पण त्यांना मिळायचं ते पसाभर धान्य आणि समाजाची हेटाळणी. त्यातच १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि भटक्या लोकांकडे संशयाने बघण्यावर सरकारी शिक्का बसला. सर्कशीने कसरतीला तंबू दिला, तिकीट दिलं आणि साहेबी नाव दिलं. चौकातल्या डोंबाऱ्याकडे जो माणूस पाठ फिरवायचा तोच तशीच कसरत तंबूत बघायला पैसे मोजून बसू लागला. हा बदल विसरून चालणार नाही.

१८८० साल आणि रिंगणात उतरलेली बाई

२० मार्च १८८० ही तारीख भारतीय सर्कसचा जन्मदिवस मानली जाते. त्या दिवशी विष्णुपंतांच्या मंडळीने निमंत्रितांपुढे खेळ केला आणि ग्रेट इंडियन सर्कस हे नाव जन्माला आलं. घोड्यांच्या कसरती करायला स्वतः विष्णुपंत रिंगणात होते. वय चाळिशीच्या घरात. आज त्या वयात माणूस गुडघे धरून बसतो.

पण त्या खेळात याहून मोठी गोष्ट घडली. विष्णुपंतांच्या पत्नीही रिंगणात उतरल्या. झोक्यावरच्या कसरती आणि जनावरांचे खेळ त्या करत.

ही गोष्ट किती धाडसाची होती हे समजायला त्याच वर्षातलं एक उदाहरण पुरेसं आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग झाला. मराठी संगीत रंगभूमीचा तो सोन्याचा दिवस. पण त्या प्रयोगात शकुंतला झाला होता पुरुष. घरंदाज बाईने लोकांपुढे रंगमंचावर यायचं हे तेव्हा कुणाच्या कल्पनेतही बसत नव्हतं. पुढची पन्नासेक वर्षं मराठी नाटकात बहुतेक स्त्रीभूमिका पुरुषांनीच केल्या. आणि इथे कृष्णाकाठच्या एका ब्राह्मण घरातली सून १८८० मध्ये शेकडो लोकांसमोर झोक्यावर चढत होती.

समाज काय म्हणाला असेल याची कल्पना आपण करू शकतो. सर्कस ही काही प्रतिष्ठेची गोष्ट नव्हती. ब्राह्मणाने कीर्तन करावं, फार तर गाणं करावं. त्याने घोड्यावर उभं राहून कोलांट्या माराव्यात आणि बायकोलाही त्यात घ्यावं, हे चक्रमपणाचंच लक्षण. पण विष्णुपंतांनी तो चक्रमपणा धंदा म्हणून उभा करून दाखवला.

रेल्वेवर चढलेली सर्कस

सर्कस एका गावात बसून चालत नाही. आठ-पंधरा दिवसांत गावातला प्रेक्षक संपतो. मग तंबू उचलावा लागतो. माणसं खायला मागतात, जनावरं त्याहून जास्त मागतात आणि खेळ बंद असला म्हणून घोड्याचा हरभरा बंद ठेवता येत नाही. म्हणून सर्कस म्हणजे सतत चालणं.

इथे काळ विष्णुपंतांच्या बाजूने होता. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८७० पर्यंत मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. वीस वर्षं आधी एवढा तांडा घेऊन देश फिरायचा म्हटलं असतं तर बैलगाड्यांतच निम्मं आयुष्य गेलं असतं. रेल्वेमुळे घोडे, तंबू आणि माणसं एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात काही दिवसांत जाऊ लागली.

विष्णुपंतांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. उत्तरेतले दरबार झाले, दक्षिणेतली शहरं झाली. पुढे समुद्र ओलांडून त्यांची सर्कस श्रीलंकेला गेली आणि आग्नेय आशियापर्यंत पोचली. साहेबाचा खेळ भारतीय माणसं करून दाखवतात, ही त्या काळात नुसती करमणूक नव्हती. काँग्रेसची स्थापना व्हायला अजून पाच वर्षं होती. स्वदेशी हा शब्द घराघरात पोचायचा होता. अशा वेळी सर्कशीच्या नावातच इंडियन हा शब्द अभिमानाने लिहिलेला होता.

काशीतला भणंग गवई

आता या गोष्टीतलं सगळ्यात विलक्षण प्रकरण.

विष्णुपंत सर्कशीत बुडाले तरी गाणं त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्यांचे गुरू हद्दू खाँसाहेब १८७५ साली वारले होते. खाँसाहेबांच्या मुलांपैकी रहिमत खाँ यांच्या गळ्यात वडिलांची विद्या उतरली होती. पण वडील गेले, भाऊ गेला आणि या मुलाचं मन फाटलं. दरबार सुटला, घर सुटलं. फिरत फिरत ते काशीला पोचले. अफूचं व्यसन लागलं. अंगावरच्या कपड्यांचं भान नाही, पोटाला मिळेल ते खायचं, अशा अवस्थेत हा उस्तादाचा मुलगा काशीच्या गल्ल्यांत हिंडत होता.

तिथे ते विष्णुपंतांच्या दृष्टीला पडले.

विष्णुपंत त्या वेळी एका मोठ्या सर्कशीचे मालक होते. चार पैसे हातावर ठेवून, गुरुपुत्राचे हाल बघून हळहळून पुढे जाता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी रहिमत खाँना आपल्या तांड्यात घेतलं.

एका व्यसनी, तंद्रीत हरवलेल्या, लहरी माणसाला सांभाळणं म्हणजे काय हे ज्याच्या घरात असं माणूस आहे त्यालाच कळेल. जेवायला बसवावं लागतं, कपडे घालायला लावावे लागतात, कधी काय मनात येईल याचा नेम नसतो. घरात राहून ते जमत नाही, इथे तर दर पंधरवड्याला मुक्काम बदलणार. वाघाचं मांस, घोड्याचा दाणा, तिकिटाचा हिशोब, कलाकारांची दुखणी आणि या सगळ्यात हा एक गवई.

पण विष्णुपंतांची शिकवण इथे कामाला आली. बुजलेल्या जनावराला धाक घालून चालत नाही, हे त्यांना पागेत कळलं होतं. त्याच वेळी, त्याच आवाजात, रोज बोलावं लागतं. रहिमत खाँना गाण्याकडे वळवायचंही तसंच असे, असं सांगतात. त्यांना चुचकारून बसवावं लागे. एकदा सूर लागला की मग समोरचा माणूस कोण, गाव कोणतं, याचं त्यांना भान नसे आणि ऐकणाऱ्यालाही नसे.

सर्कशीचा मुक्काम पडेल तिथे रहिमत खाँच्या मैफली व्हायला लागल्या. विष्णुपंत त्यांना नेपाळच्या दरबारापर्यंत घेऊन गेले. ज्या माणसाला काशीत कुणी विचारत नव्हतं त्याला लोक भूगंधर्व म्हणू लागले. पृथ्वीवरचा गंधर्व.

हे ऐकून कुणी म्हणेल की विष्णुपंतांनी गवयाचाही खेळच केला. सर्कशीच्या मालकाला कशाचं तिकीट लावता येईल हे बरोबर कळतं. हा संशय अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. रहिमत खाँच्या गाण्याने पैसा आला, मान आला आणि त्या मानाचा वाटा सांभाळणाऱ्यालाही मिळाला. पण त्याला उत्तर देणारी एक गोष्ट आहे. विष्णुपंत गेल्यानंतरही रहिमत खाँ छत्र्यांच्याच घरी राहिले. नुसता धंदा असता तर तो मालकाबरोबर संपला असता.

थलसेरीला टाकलेलं बी

सर्कस दक्षिणेत फिरत असताना १८८८ च्या सुमारास विष्णुपंत मलबारात थलसेरीला पोचले. तिथे त्यांना कीलेरी कुन्हिकण्णन नावाचे शिक्षक भेटले. बासेल मिशनच्या शाळेत ते व्यायाम शिकवत आणि केरळच्या कळरीपयट्टू या युद्धविद्येत ते मुरलेले होते.

विष्णुपंतांची अडचण स्पष्ट होती. घोडे होते, जनावरं होती, पण कसरत करणारी माणसं पुरेशी नव्हती. झोक्यावरचा कसरतपटू लहानपणापासून घडवावा लागतो. कुन्हिकण्णन यांच्याकडे लवचीक शरीराची शिस्त होती आणि मुलं होती. बोलणं जमलं. कुन्हिकण्णन यांनी सर्कशीसाठी मुलं तयार करायचं मनावर घेतलं आणि १९०१ साली थलसेरीजवळ चिरक्कर इथे सर्कशीचं शिक्षण देणारी शाळाच काढली.

तिथून तयार झालेल्या लोकांनी पुढे स्वतःच्या सर्कशी काढल्या. त्यांचे कसरतपटू युरोप-अमेरिकेपर्यंत गेले. विसाव्या शतकात भारतात तंबू कोणत्याही राज्यात लागो, आत खेळ करणारे बहुतेक मल्याळी असत. महाराष्ट्राने घोडा दिला आणि केरळने झोका दिला, असा हा हिशोब.

शेवटची वर्षं आणि मागे उरलेलं

पुढे विष्णुपंतांनी सर्कशीचा कारभार बंधू काशीनाथपंतांच्या हाती दिला आणि १९०५ साली त्यांचं निधन झालं.

पण कृष्णाकाठाला आता सर्कशीचं वेड लागलं होतं. कार्लेकरांची सर्कस निघाली, म्हैसाळच्या देवलांची निघाली, तासगावच्या परशुराम माळींची निघाली. सांगली-मिरजेच्या पट्ट्यातून एकामागून एक तंबू बाहेर पडले. पुण्यात १९०२ साली जन्मलेले दामू धोत्रे वाघ-सिंहांचे खेळ करत अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीपर्यंत पोचले. हे सगळे त्याच वाटेवरचे प्रवासी.

आणि रहिमत खाँ? काशीनाथपंतांनी त्यांना शेवटपर्यंत सांभाळलं. शेवटच्या काळात ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने त्यांचं गाणं मुद्रित करून घेतलं. म्हाताऱ्या, थकलेल्या गळ्याचं ते गाणं आहे, पण ते आहे. १९२२ साली कुरुंदवाडला त्यांचा मृत्यू झाला. ग्वाल्हेरच्या उस्तादाचा मुलगा शेवटी कृष्णाकाठच्या मातीत विसावला.

त्यांच्या गाण्याचा ठसा मात्र राहिला. कुरुंदवाडपासून जवळच मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांवर रहिमत खाँच्या गायकीचा फार मोठा परिणाम झाला. अब्दुल करीम खाँचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात बसून आपण जो लांबवलेला, आर्त सूर ऐकतो त्याच्या मागे मागे जात राहिलं तर वाटेत एक सर्कशीचा तंबू लागतो.

तो तंबू आता जवळजवळ मिटलाय. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि बिबट्या यांचे खेळ बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि २०११ मध्ये लहान मुलांना सर्कशीत कामाला लावण्यावर बंदी घातली. दोन्ही निर्णय गरजेचे होते. पिंजऱ्यात जन्म काढणाऱ्या जनावरांनी आणि शाळेऐवजी झोक्यावर वाढलेल्या पोरांनी आपल्या करमणुकीची किंमत मोजली होती, हे कबूल करावंच लागेल. विष्णुपंतांनी सुरू केलेल्या धंद्याची ही बाजूही त्यांच्याच खात्यावर मांडली पाहिजे.

पण त्याच खात्यावर दुसऱ्या बाजूला काही जमा आहे. बेकार झालेल्या विद्येतून नवा रोजगार उभा करणं. घरातल्या बाईला बरोबरीने रिंगणात आणणं. केरळच्या एका व्यायामशिक्षकाला हाताशी धरून एका आख्ख्या गावाचं नशीब बदलणं. आणि गुरूच्या मुलाला रस्त्यावरून उचलून आयुष्यभर सांभाळणं.

पैज जिंकल्याबद्दल विष्णुपंतांचं नाव पुस्तकात आलं. पण त्यांनी फेडलेल्या गुरुऋणाची गोष्टही त्या एका ओळीच्या शेजारी लिहायला हवी. भारतीय सर्कसचे जनक म्हणून त्यांना ओळखणाऱ्यांनी पुढच्या वेळी भीमसेनजींचा सूर ऐकताना त्यांचंही नाव आठवावं, एवढा त्यांचा हक्क नक्कीच आहे.